न सांगितलेले खाडे

कॉलेजात शिकणाऱ्या मुलांचं घरच्यांशी फोनवर होणारं बोलणं कधी शेजारी उभं राहून ऐकावं. "जेवलास का?" "हो." "अभ्यास?" "चाललाय." "पैसे आहेत?" "आहेत." "बरं, जप." मिनिटभरात आटोपतं. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवतो. पार्किंगमध्ये, जिन्याच्या वळणावर, टपरीपाशी हे बोलणं कायम कानावर पडत असतं. पलीकडे आई लातूरकडच्या, बुलढाण्याकडच्या कुठल्याशा गावात ओट्यावर बसलेली असते आणि अलीकडे उभ्या असलेल्या पोराचे तीन विषय राहिलेले असतात. आमच्या वेळी रात्री दर उतरले की एसटीडी बूथवर रांग लागायची, समोर मीटरवरचे लाल आकडे पळत असायचे, त्यामुळे थोडक्यात उरकायला कारण तरी होतं. आता बोलणं जवळजवळ फुकट झालं, तरी ते तेवढंच राहिलं.

यातली बरीचशी मुलं आपापल्या शाळेत पहिली आलेली असतात. दहावीला नव्वदच्या वर टक्के, बारावीनंतर सीईटीला बरा पर्सेंटाइल आणि गावच्या एसटी स्टँडसमोर फोटोसकट फ्लेक्स. फ्लेक्सच्या तळाला शुभेच्छुकांची रांग, त्यात चुलत्यापासून पंचायत समितीच्या सदस्यापर्यंत सगळे. मग प्रवेशाचा कॅप राउंड, पुण्यातलं कॉलेज, कॉट बेसिसवर खोली. शाळा मराठी माध्यमाची, इथे पहिल्या तासापासून फळ्यावर आणि तोंडात इंग्रजी. शंका विचारायची तर आधी ती मनातल्या मनात इंग्रजीत जुळवावी लागते, आणि जुळेपर्यंत सर पुढच्या पानावर गेलेले असतात. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागतो तेव्हा कळतं की एम-वन, म्हणजे गणिताचा पहिला पेपर, गेला, ग्राफिक्स गेलं, इलेक्ट्रिकल कसंबसं काठावर निघालं. होळीला गावी जावं तर एसटीतून उतरल्या उतरल्या आधी तो फ्लेक्सच दिसतो. उन्हाने फोटोतला चेहरा निळा पडलेला असतो, पण फ्लेक्स कुणी उतरवलेला नसतो.

गावाला पास माहीत आहे आणि नापास माहीत आहे. केटी लागली, म्हणजे पुढच्या वर्गात बसायला मिळालं पण मागचे विषय मानगुटीवर आहेत, हे घरी कसं समजावायचं? 'पुढच्या वर्षाला गेलो' एवढं सांगितलं तर ते खोटंही नसतं. तिथून दोन हिशेब सुरू होतात, एक घरचा आणि एक खोलीवरचा. विषय राहिला म्हणून जेवढी मुलं खचतात त्याहून जास्त मुलं हे दोन हिशेब जुळवता जुळवता खचतात, असं माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण आहे.

ताण आणि खचणं आपण एका दमात बोलतो, पण जवळून पाहिलं तर दोन्हींची वागणूक वेगळी दिसते. ताण पाहायचा असेल तर सबमिशनच्या आठवड्यात होस्टेलवर यावं. आता कॅड आल्यापासून कमी झालं, पण आमच्या वेळी त्या आठवड्याचा राजा म्हणजे जीटी, ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर एक मोठी काच आडवी टाकायची. ती बहुधा कुठल्या तरी खिडकीची असायची आणि ती खिडकी त्या वर्षापुरती वर्तमानपत्राने बंद असायची. काचेखाली ट्यूब किंवा बल्ब. वर पास झालेल्या सीनियरची ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, चारी कोपरे सेलोटेपने पक्के. दिवा लावला की खालची रेष वर उमटते, तिच्यावरून पेन्सिल फिरवायची. बल्ब असला की अर्ध्या तासात काच तापते, मनगट चटकतं, कागद घामाने फुगतो. एक जण शीट मारतोय, दुसरा जर्नलची पानं भरतोय, तिसरा इंडेक्सवर सह्यांसाठी रकाने आखतोय, चौथा नुसताच गाणी म्हणतोय. पहाटे सगळे मिळून शिवाजीनगर स्टँडवर चहा-पोहे. (शिक्षक म्हणून मी जीटीचं समर्थन करू शकत नाही, करतही नाही. त्या शीटमध्ये सीनियरची चूक जशीच्या तशी उतरायची आणि ओरलला नेमकी तीच विचारली जायची.) त्या आठवड्यात वैतागलेले, रडकुंडीला आलेले, एकमेकांवर डाफरणारे पुष्कळ असत. आतून खचलेला मात्र क्वचितच दिसे. सगळ्यांवर एकच संकट होतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

ताणाविषयी एक जुना प्रयोग आहे. १९०८ साली रॉबर्ट यर्कीज आणि जॉन डॉडसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तो उंदरांवर केला. उंदराने एक पांढरं आणि एक काळं खोकं यांतून पांढरं निवडायचं, काळ्यात शिरला तर विजेचा झटका. दोन्हींतला फरक ठळक होता तेव्हा झटका जितका जोराचा तितका उंदीर लवकर शिकला. फरक ओळखणं अवघड केलं तेव्हा मात्र जोराच्या झटक्याने शिकणं लांबलं, कमी जोराचाच उपयोगी पडला. व्याख्यानांतून 'थोडा ताण चांगला असतो' एवढंच यातून काढून सांगतात. मला त्यातला अवघडपणाचा भाग मोलाचा वाटतो. जर्नल उतरवून काढायला धाक चालतो, उद्याची तारीख चालते, एचओडींची आरडाओरडही चालते. लाप्लास ट्रान्सफॉर्म समजून घ्यायला यातलं काही चालत नाही. आणि आपल्याकडे विषय जितका अवघड, राहिलेला जितक्यांदा, तितका झटक्याचा जोर वाढवण्याची पद्धत आहे. वडील म्हणतात हे शेवटचं वर्ष, यापुढे पैसे नाहीत. सर म्हणतात वायडी होशील, म्हणजे अख्खं वर्ष जाईल. पोरगा स्वतःला म्हणतो ते याहून वाईट असतं.

खचण्याला मात्र आवाजच नसतो. निकाल आता मोबाइलवर येतो. वेबसाइट लोंबकळते, मग अचानक उघडते आणि ज्याचा त्याचा निकाल ज्याच्या त्याच्या अंगठ्याखाली. पूर्वी बोर्डावर यादी लागायची, गर्दीत टाचा उंचावून नंबर शोधावा लागायचा, चारचौघांत शोभा व्हायची. ती पद्धत परत यावी असं मी मुळीच म्हणत नाही. पण तिथेच आणखी चौघांचे नंबर नसत आणि पाचही जण एकत्रच तिथून बाहेर पडत. आता मुलगा पांघरूण डोक्यावर ओढून निकाल बघतो आणि पांघरूण तसंच ठेवतो.

अशी पोरं सर्वांत आधी कोण ओळखतं? आम्ही शिक्षक तर नाहीच. आमच्याकडे हजेरीपट असतो, पंचाहत्तर टक्क्यांचा नियम असतो, डिटेन लिस्ट असते. न येणाऱ्याला आम्ही यादीत घालतो. कर्वेनगरच्या एका गल्लीत मेस चालवणाऱ्या एक मावशी माझ्या ओळखीच्या आहेत, त्यांना हे आमच्यापेक्षा किती तरी आधी कळतं. त्यांची एक लांबट वही आहे. डाव्या बाजूला नावं, पुढे महिन्याच्या तारखांचे रकाने, जेवला की बरोबरची खूण, खाडा सांगितला की 'ख'. सलग दोन दिवसांचा खाडा आधी सांगितला तरच पैसे वळते होतात, असा त्यांचा नियम. गावी निघालेला मुलगा दोन दिवस आधीपासून दारातून ओरडून सांगतो, "मावशी, शनिवार-रविवार खाडा!" महिनाअखेरीला एका खाड्यावरून वाद घालायला उभा राहणाराही तोच. ज्याच्या घरून मोजून पैसे येतात तो पोरगा ताटाचे पैसे सहजासहजी सोडत नाही. त्यामुळे वहीत 'ख' दिसला तर मावशी निर्धास्त असतात. एखाद्याच्या नावापुढे बरोबरची खूणही नाही आणि 'ख'ही नाही, असे चार-पाच रकाने मोकळे दिसले की त्या त्याच्या खोलीवाल्याला विचारतात. "सर, भांडायला येईना झालं की मला धास्ती वाटते," असं त्या मला एकदा पोळ्या शेकता शेकता म्हणाल्या.

पुण्यात पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यात मिंधेपणा होता, जातीची दारं होती आणि ती सगळ्यांना उघडत नसत, तेव्हा त्याचे गोडवे गायचं कारण नाही. तरी सोमवारच्या घरी मुलगा आला नाही की 'का रे आला नाहीस' एवढं विचारणारं एक माणूस त्या व्यवस्थेत आपोआप असायचं. आता ते मावशींच्या वहीवर येऊन ठेपलंय, आणि ज्यांनी डबा लावलाय त्यांना तेही नाही. डबा दाराशी येतो आणि न उघडता परत जातो.

कर्वेनगरला ज्यांचं नाव दिलंय त्या धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट आमच्याकडे दर वर्षी इंडक्शनला कुणी ना कुणी सांगतं. सहावीच्या परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत सुमारे ११० मैल कुंभार्ली घाटाने ते चालत गेले, आणि तिथे, हा मुलगा वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे ते कोल्हापुरात ती परीक्षा पास झाले, १८८४ साली बी.ए. झाले, १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. गोष्ट खरी आहे, कर्व्यांनी ती 'आत्मवृत्ता'त स्वतःच लिहिली आहे. पण ती ज्या सुरात सांगितली जाते तो मला खटकतो. 'बघा, ते ११० मैल चालले आणि तुम्हाला बसने यायला होत नाही!' समोर बसलेल्या मुलाला यातून एवढंच कळतं की आपण कर्वे नाही. ते त्याला आधीपासून माहीत असतं. शिवाय सांगणारे एक गोष्ट हटकून गाळतात. तो मुलगा घाटातून एकटा चालला नव्हता, परीक्षेला निघालेले सोबती बरोबर होते. इतकी पायपीट करून, नाकारला जाऊन, तीच वाट परत तुडवायची म्हटल्यावर बरोबर कोण आहे याला माझ्या लेखी मैलांइतकंच महत्त्व आहे.

माझाही एम-थ्री राहिला होता. आमच्या विंगेत परभणीचा एक जण होता, त्याचा सुटला होता. त्याने मला एकदाही धीर दिला नाही. होईल रे, टेन्शन घेऊ नको, असलं काही तो बोलला असता तर मी दार लावून घेतलं असतं. तो संध्याकाळी चोरून ठेवलेल्या कॉइलच्या शेगडीवर खिचडी टाकायचा आणि शिजेपर्यंत जुन्या पेपरातला एक प्रश्न मोठ्याने वाचायचा. "आज फक्त एलडीई. बाकीचं पुस्तक उघडायचं नाही." मी सोडवायचो, तो कांदा चिरायचा. उत्तर बरोबर आलं की नाही हे तो बहुधा बघतही नसे. सहा युनिटांचा अभ्यासक्रम मला त्या वेळी नुसता दिसला तरी झोप यायची. एका संध्याकाळी एक प्रश्न आणि खिचडी एवढं मात्र जमत होतं. आज माझ्याकडे येणाऱ्या मुलांनाही मी तेवढंच सांगतो. अख्खा विषय राहिलाय हे खरं, पण आज संध्याकाळी अख्खा विषय करायचा नाहीये. कुणाजवळ तरी बसून एक प्रश्न करायचा आहे. रात्र रात्र जागू नये हेही सांगतो, कारण दिवसा वाचलेलं झोपेतच पक्कं होतं. मुलं मान डोलावतात आणि जागायचं तेवढं जागतात.

सगळंच सोबतीने आणि खिचडीने निभतं असं मात्र नाही, आणि इथे हळवेपणा कामाचा नाही. आठवडेच्या आठवडे झोप उडालेली आहे किंवा मुलगा दिवसरात्र झोपूनच आहे, अंघोळ सुटली, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागला, 'मी नसलो तर घरच्यांचा खर्च तरी वाचेल' अशा तऱ्हेचं बोलू लागला, तर ते मित्राच्या आवाक्यातलं राहिलेलं नसतं. त्याला एकटं न सोडता डॉक्टरकडे न्यायचं आणि घरी कळवायचं, मग तो रागावला तरी चालेल. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू केली. १४४१६ हा तिचा नंबर, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. खोलीतल्या मित्रानेही तो फिरवावा. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत पात्र समुपदेशक असावा असं बजावलं. चांगलंच झालं. पण मी पाहिलेल्या एका कॉलेजात समुपदेशन कक्ष परीक्षा विभागाच्या बरोबर समोर आहे. फॉर्म भरायला, मार्कशीट घ्यायला दिवसभर तिथे रांग. त्या रांगेच्या डोळ्यांदेखत, ठळक पाटी लावलेलं ते दार उघडून आत जाण्याची ज्याची छाती आहे, त्याला आत जाण्याची फारशी गरज नसावी. पाटी काढून कक्ष लायब्ररीच्या मागे न्या, एवढीच माझी सूचना होती. ती अजून विचाराधीन आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वी मावशींचा फोन आला. त्यांच्या वहीतल्या एका मुलाचे रकाने मोकळे पडत चालले होते आणि योगायोगाने तो माझ्याच वर्गातला होता. त्याचं गाव-नाव सांगत नाही. खोलीवर गेलो तेव्हा तो जागाच होता. मी अभ्यासाचं काढलं नाही, मेसमध्ये घेऊन गेलो. मावशींनीही काही विचारलं नाही, ताट वाढलं आणि दोनदा आमटी वाढली. त्यानंतर पुष्कळ दिवस गेले. डॉक्टरांच्या फेऱ्या झाल्या, काही काळ गोळ्या झाल्या, एकदा तो पुन्हा यायचा बंद झाला आणि पुन्हा आला. घरी सांगायला मात्र तयार होईना. शेवटी एका रात्री खोलीवाल्याला शेजारी बसवून त्याने फोन केला आणि कुठल्या वर्षाचे कोणते विषय राहिलेत ते एका दमात वाचून दाखवलं. पलीकडून वडील एवढंच म्हणाले, "बरं. येतो मी."

ते सकाळच्या गाडीने आले. पांढरा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. कॉलेजच्या कँटीनमध्ये आम्ही तिघं बसलो. मी मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं, ते बोलायची वेळच आली नाही. त्यांनी आधी मेसचे किती द्यायचेत ते विचारलं, मग परीक्षा कधी आहे ते विचारलं. मग थोडं थांबून माझ्याकडे वळले.

"सर, हे एम-थ्री एम-थ्री म्हणतंय पोरगं, ते नेमकं काय असतंय?"

मी तोंड उघडणार तोच पोरगा बोलला. "अण्णा, लाप्लास म्हणून एक आहे त्यात. इथं जे गणित सुटत नाही, ते उचलून दुसऱ्या गावाला न्यायचं. तिथं ते सोपं होतंय, साधी बेरीज-भागाकार केल्यागत. तिथं सोडवायचं आन उत्तर घेऊन परत आपल्या गावाला यायचं."

वडलांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली.

"मग तुझं कुठं अडतंय? जाताना का येताना?"

"येताना."

"हां," ते म्हणाले, "येताना गाडीच मिळत नसंल."

आणि ते पोरगं इतक्या जोरात हसलं की काउंटरवरचा माणूस वळून बघायला लागला.